घाटातल्या अ‍ॅम्ब्युलन्समध्ये मॅग्सल्फ: भीती नेमकी कशाची बाळगायची?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे डॉक्टर बीएएमएस आहेत, १०८ वर लागून आठ महिने झालेत, पॉइंट मोखाड्याच्या बाजूला. मध्यंतरी एका पीएचसीतून (प्राथमिक आरोग्य केंद्रातून) त्यांनी एक पेशंट उचलली. पहिलटकरीण, ३४ आठवडे, घरी एक फिट येऊन गेलेली, बीपी १७०/११०, पाय सुजलेले. नाशिक गाठायला दोन तास. पेटीत मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे मॅग्सल्फ, होतं. गरोदरपणात बीपी वाढून येणाऱ्या आकड्यांवरचं (एक्लॅम्प्सियावरचं) हेच मुख्य औषध, पण ‘घाटात हिचा श्वास थांबला तर मी एकटा काय करणार’ म्हणून त्यांनी ते दिलं नाही. वळणांवर दुसरी फिट आली तेव्हा कॅम्पोज (डायझेपाम, गुंगी आणणारं औषध) देऊन वेळ मारून नेली. बाई आणि बाळ दोघंही वाचले. आता ते विचारतात, माझं चुकलं का? आणि चालत्या गाडीत मॅग्सल्फ द्यायचंच तर सुरक्षितपणे कसं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. हो, द्यायला हवं होतं. आठ महिन्यांच्या अनुभवावर मीही कदाचित दिलं नसतं, त्यामुळे यात मनाला लावून घेण्यासारखं फार नाही. २०१४ मध्ये आपल्याकडे १०८ सुरू झाली तेव्हापासून आठ वर्षं मी गाडीवर होतो, आता एका उपजिल्हा रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत आहे. म्हणजे आधी पेशंट पोचवायचो, आता उतरवून घेतो. दोन्ही बाजूंनी बघितल्यावर माझं मत असं झालंय की मॅग्सल्फने होणारे अपघात बहुतेक वेळा औषधामुळे होत नाहीत, हिशेब चुकल्यामुळे होतात. बाटलीवरची टक्केवारी न वाचणं, आधी कुणी काय दिलं ते न विचारणं आणि घड्याळ न बघता सिरिंज रिकामी करणं, या तीन ठिकाणी गडबड होते.

तुमच्या भीतीकडे जरा नीट बघू. बरोबर मोजलेला एक लोडिंग डोस, म्हणजे सुरुवातीचा मोठा डोस, दिला आणि किडनी ठीक असली, तर रक्तातलं मॅग्नेशियम लिटरमागे साधारण ४ ते ७ मिलिइक्विव्हॅलंटच्या आसपास राहतं. गुडघ्याखाली ठोकल्यावर पायाला येणारा झटका जातो तो १० च्या घरात, श्वास मंदावतो त्याच्याही पुढे. मधे बऱ्यापैकी जागा आहे. आणि प्रिचर्ड पद्धतीत, म्हणजे थोडं शिरेतून आणि बाकी कुल्ल्यांत द्यायच्या पद्धतीत, पुढचा डोस चार तासांनी असतो. तुमचा प्रवास दोन तासांचा. म्हणजे तुमच्या गाडीत दुसरा डोस येतच नाही. जो काही धोका आहे तो लोडिंग देतानाचा आहे, आणि लोडिंग दोनदा पडण्याचा.

हा दुसरा धोका मी स्वतः ओढवून घेतलाय, म्हणून त्यावर जरा थांबतो.

गाडीवरचं माझं पहिलंच वर्ष. एका आरोग्य केंद्रातून बाई घेतली, अंगकाठी एवढीशी, चाळीसेक किलो असेल. रेफर चिठ्ठीवर बीपी होतं, आठवडे होते आणि ‘इंज. दिले’ एवढे दोन शब्द. कोणतं, किती, कधी, काही नाही. सिस्टरची ड्युटी बदललेली. मी धरून चाललो की बीपीचं काहीतरी दिलं असेल. गाडीत शिरेतून ४ ग्रॅम दिले आणि कुल्ल्यात ५-५ ग्रॅम. तासाभराने बाई विचारलेल्याला उत्तर देईना. म्हणजे देत होती, पण जीभ जड, दारू प्यायल्यासारखी. पापण्या अर्ध्यावर आलेल्या. सासू म्हणाली, झोप आली असंल. मॉनिटरवर सॅच्युरेशन ९८, त्यामुळे मीही निवांत. मग पोटावर हात ठेवून श्वास मोजला तर मिनिटाला नऊ. गुडघा ठोकला, काही नाही. दुसरा ठोकला, काही नाही. मॅग्सल्फचा उतारा, कॅल्शियम ग्लुकोनेट, पेटीत सगळ्यात खाली, ओआरएसच्या पाकिटांखाली सापडलं. मधल्या दोन-तीन मिनिटांत अंबू बॅग (हाताने श्वास द्यायची पिशवी) दाबत होतो आणि पायलटला, म्हणजे ड्रायव्हरला, ओरडून सांगत होतो की गाडी बाजूला घे. कॅल्शियम सावकाश गेलं, श्वास परत सोळावर आला, बाई डोळे उघडून पाणी मागायला लागली. नंतर कुशीवर वळवून बघितलं तर दोन्ही कुल्ल्यांवर दोन-दोन टोचल्याच्या खुणा. माझ्या दोन आणि माझ्या आधीच्या दोन.

एएनएमला (उपकेंद्रातल्या नर्सला) आणि पीएचसीच्या सिस्टरला रेफर करण्यापूर्वी दोन्ही कुल्ल्यांत मिळून १० ग्रॅम मॅग्सल्फ देण्याचं प्रशिक्षण असतं, सरकारी मार्गदर्शिकेतच ते आहे. म्हणजे तिने तिचं काम चोख केलं होतं. लिहिलं नव्हतं, एवढंच. आणि मी विचारलं नव्हतं.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. पेशंट स्ट्रेचरवर घेण्याआधी चिठ्ठी वाचायची. चिठ्ठीत डोस आणि वेळ नसेल तर देणाऱ्या सिस्टरला फोन लावायचा, ड्युटी संपली असली तरी. ते नाही जमलं तर बाईला किंवा तिच्या आईला सरळ विचारायचं, ‘कमरेखाली दोन्ही बाजूंना मोठी, खूप दुखणारी इंजेक्शनं दिली का?’ मॅग्सल्फचं इंजेक्शन कुणी विसरत नाही. आणि मग कुल्ले बघायचे. लाज वाटते, नातेवाईक विचित्र बघतात, तरी बघायचे. दिलेलं असेल तर तुमचं लोडिंग झालेलं आहे. त्यानंतर पंधरा मिनिटं उलटून पुन्हा फिट आली तरच शिरेतून २ ग्रॅम, पाच मिनिटांत. तेही गुडघा येतोय आणि श्वास १६ च्या वर आहे हे बघून.

आता समजा आधी काहीच दिलेलं नाही आणि सगळं तुमच्यावर आहे.

आपल्या सरकारी पुरवठ्यात बहुतेक २ मिलीचं अँपूल येतं, ५० टक्क्यांचं. म्हणजे एका अँपूलमध्ये १ ग्रॅम. पण २५ टक्क्यांची अँपूल्सही बाजारात असतात, दिसायला तशीच, आणि त्यात अर्धा ग्रॅमच. म्हणून तोंडी बोलताना, लिहिताना, फोनवर कधीही ‘चार अँपूल दिले’ म्हणू नका, ‘४ ग्रॅम’ म्हणा. हे मी इंटर्न मुलांना इतक्या वेळा सांगितलंय की ती माझी नक्कल करतात.

शिरेतल्या डोससाठी ५० टक्क्यांची चार अँपूल, म्हणजे ८ मिली, त्यात १२ मिली नॉर्मल सलाईन. वीस मिलीची सिरिंज भरली, २० टक्के झालं. पन्नास टक्क्यांचं औषध तसंच शिरेत कधीच नाही. मग घड्याळ बघून मिनिटाला २ मिली, म्हणजे दहा मिनिटं. दहा मिनिटं फार वाटतात, समोर बाई आकडीत असताना तर युगासारखी वाटतात. पण एक्लॅम्प्सियाची फिट बहुतेक वेळा मिनिट-दीड मिनिटात आपोआप थांबते. तुमचं औषध प्रामुख्याने पुढची फिट येऊ नये म्हणून आहे. ही गोष्ट डोक्यात बसली की हात घाई करत नाही. आकडी चालू असताना तुमचं काम म्हणजे डाव्या कुशीवर वळवणं, तोंडातला फेस सक्शनने काढणं, ऑक्सिजन लावणं आणि स्ट्रेचरच्या दांड्यावर डोकं आपटू न देणं. तोंडात चमचा घालायला निघालेला दीर आणि नाकाशी कांदा धरणारी आजी, या दोघांना प्रेमाने बाजूला करणं हेही त्यातच आलं. त्याच वेळी ग्लुकोमीटर लावून घ्या, साखर कमी असूनही फिट येते. पूर्वीपासून आकडीचा आजार असलेली बाई असली तरी वीस आठवड्यांनंतर, बीपी वाढलेलं असताना आलेली फिट एक्लॅम्प्सियाच समजून चाला, खुलासा हॉस्पिटल करील. बाळंतपण झालेली बाईसुद्धा यात येते. पहिल्या दोन दिवसांत तर येतेच, कधी त्यानंतरही.

शंभर मिलीच्या बाटलीत घालून ड्रिपने दिलं तर चालेल का, असं बरेच जण विचारतात. वॉर्डमध्ये चालेल. आमच्या रस्त्यांवर मला ते आवडत नाही. खड्ड्यात गाडी आदळली की थेंबांचा वेग बदलतो, बाटली हुकवर झोके घेते, आणि तुम्ही बीपी घेत असेपर्यंत अर्धी बाटली गेलेली असते. सिरिंज हातात असली की किती गेलं ते दिसतं. म्हणून मी लोडिंगची दहा मिनिटं गाडी सरळ उभी करायचो. शक्यतो पीएचसीच्या दारातच. तिथे उजेड असतो, सिस्टर असते, दुसरा हात असतो. दोन तासांच्या प्रवासात ही दहा मिनिटं उशीर नाहीत. आकडीत असलेली बाई घाटात घेऊन जाण्यापेक्षा हे केव्हाही बरं. आपल्या गाडीत मागे डॉक्टर आणि पुढे पायलट, तिसरं कुणी नाही, म्हणून सोबत आलेल्या आशाताईच्या हातात मोबाईलचं घड्याळ द्या आणि दर मिनिटाला ‘झालं’ म्हणायला सांगा. ती हे काम तुमच्या-माझ्यापेक्षा इमानदारीने करते.

औषध सोडण्याआधी बाई शुद्धीवर असेल तर तिला सांगा, अंगात आग झाल्यासारखं वाटेल, घाम येईल, मळमळेल. ते होतंच. न सांगता दिलंत तर ती घाबरून हात झटकते आणि कॅन्युला निघते. माझी अशी एक निघालीय, कसारा घाटात, पावसात.

कुल्ल्यातले ५-५ ग्रॅम मात्र पातळ न करता, ५० टक्क्यांचंच, खोल स्नायूत, प्रत्येक सिरिंजमध्ये १ मिली २ टक्के लिग्नोकेन घालून, अ‍ॅड्रिनलीन नसलेलं. एकूण चौदा अँपूल फोडावी लागतात. काचेने बोट कापतंच, गॉझमध्ये धरून फोडा. आणि रिकामी अँपूल्स फेकू नका. किडनी ट्रेमध्ये ठेवा, शेवटी मोजा. चौदा भरली तरच कागदावर १४ ग्रॅम लिहा. हिरड्यांतून रक्त येतंय, टोचलेल्या जागेतून रक्त थांबत नाही असं दिसलं तर प्लेटलेट्स पडलेल्या असू शकतात. अशा वेळी कुल्ल्यात मोठी गाठ होते. तिथे मी फक्त शिरेतलं देऊन फोन लावायचो. उलट शीर मिळतच नसेल तर नुसते कुल्ल्यातले १० ग्रॅमही मोकळ्या हातांपेक्षा कितीतरी चांगले.

बाई फार बारीक असेल तर डोस कमी करायचा का? ढाक्यात आणि आपल्या सोलापुरातही कमी डोसच्या पद्धतींवर काम झालेलं आहे, काही मोठी हॉस्पिटलं तसं वापरतात. पण हा निर्णय गाडीत, एकट्याने घेण्याचा नाही. तुमच्या सेवेचा लेखी प्रोटोकॉल आणि कॉल सेंटरवरच्या डॉक्टरांचा शब्द माझ्या या उत्तराच्या वर आहे. त्यांना फोन करून विचारलंत म्हणून तुम्ही कच्चे ठरत नाही.

किडनीचंही तसंच. लघवी कमी असली म्हणून पहिला डोस अडवायचा नसतो, पुढचे डोस अडवायचे असतात. पण मॅग्नेशियम बाहेर पडतं ते लघवीतूनच, त्यामुळे निघण्याआधीच कॅथेटर घालून पिशवी रिकामी करून घ्या आणि वेळ लिहा. तासाला ३० मिलीच्या खाली येतेय असं दिसलं तर उतरवून घेणाऱ्याला ते पहिल्या वाक्यात कळलं पाहिजे. याच बायकांना सलाईन धो-धो सोडू नका, फुप्फुसात पाणी होतं. मायस्थेनिया (स्नायू दुबळे करणारा आजार) असलेली बाई किंवा हार्ट ब्लॉक, या दोन ठिकाणी मॅग्सल्फ नाहीच. मी असा पेशंट गाडीत एकदाही बघितलेला नाही, पण विचारायला दहा सेकंदं लागतात.

वाटेत काय बघायचं? दर पंधरा मिनिटांनी गुडघा, श्वास, शुद्ध. तुम्ही लिहिलंय, गुडघा ठोकायला हातोडी नाही. कुणाच्याच गाडीत नसते. स्टेथोस्कोपच्या चकतीची कड चालते, तळहाताची कडही. बाई कुशीवर असताना वरचा पाय गुडघ्याखाली तुमच्या हातावर सैल पेलून धरा आणि वाटीखालच्या टणक पट्ट्यावर (कंडरेवर) ठोका. डोस देण्याआधी एकदा ठोकून बघाच. या बायकांचे झटके आधी जरा जोरातच येतात, मग फरक कळतो. श्वास मोजताना मॉनिटरवर विसंबू नका. ऑक्सिजन चालू असताना श्वास आठवर आला तरी सॅच्युरेशन छान दिसत राहतं, माझ्या गोष्टीत तेच झालं. हात पोटाच्या वरच्या भागावर, पूर्ण मिनिट.

गुडघा गेला तर पुढचं मॅग्नेशियम बंद. बोलणं जड झालं, श्वास १६ च्या खाली घसरायला लागला तर अंबू बॅग तयार आणि कॅल्शियम ग्लुकोनेट १० टक्के, १० मिली, शिरेतून सावकाश, तीन ते दहा मिनिटांत. श्वास पुरत नसेल तर आधी बॅग, मग कॅल्शियम. जीव बॅग वाचवते, कॅल्शियम तिला सुट्टी देतं. मॅग्सल्फ आणि कॅल्शियम एकाच नळीत एकमेकांवर आले तर साका बसतो, सोडाबायकार्बचंही तेच, म्हणून मधे सलाईनने नळी धुऊन घ्या. आणि कॅल्शियमचं अँपूल मी नंतर कायम मॅग्सल्फच्या डब्यालाच चिकटपट्टीने बांधून ठेवलं. एक डबा उघडला की दोन्ही हातात. त्याच पेटीत पोटॅशियम क्लोराइड असेल तर आजच काढून स्टोअरला परत करा. त्याचं अँपूल घाईत दुसरं काहीही वाटू शकतं, आणि ते शिरेत तसंच गेलं तर परत आणायला काही उरत नाही.

कॅम्पोजबद्दल एवढंच. १९९५ मध्ये एक मोठी आंतरराष्ट्रीय चाचणी आली, जवळजवळ सतराशे बायकांची, भारतातली केंद्रंही त्यात होती. डायझेपाम दिलेल्यांच्या तुलनेत मॅग्नेशियम दिलेल्यांमध्ये पुन्हा फिट येण्याचं प्रमाण साधारण निम्मं निघालं. २००२ च्या मॅग्पाय चाचणीत तेहतीस देशांतल्या दहा हजारांवर बायका होत्या, फिट न आलेल्या पण बीपी वाढलेल्या. तिथे मॅग्नेशियमने एक्लॅम्प्सिया निम्म्याहून खाली आणला. शिवाय डायझेपामने बाई गुंगते, मग ती फिटनंतरची गुंगी, औषधाची गुंगी की मेंदूतला रक्तस्राव हे उतरवून घेणाऱ्याला कळत नाही. बाळही मलूल जन्मतं. मॅग्सल्फ हाताशी नसेल आणि आकडी थांबतच नसेल तर डायझेपाम द्या, त्यात गुन्हा नाही. तुमच्याकडे मात्र मॅग्सल्फ होतं.

आणखी एक गैरसमज बऱ्याच जणांचा असतो. मॅग्सल्फ बीपीचं औषध नाही. ते दिल्यावर बीपी जरासं उतरतं आणि पुन्हा वर येतं. बीपीचा खालचा आकडा ११० किंवा त्याच्या वर असेल तर त्यासाठी लॅबेटॅलॉल किंवा, बाई नीट शुद्धीत गिळत असेल तर, निफेडिपिन वेगळं लागतं. तेही फोनवर विचारून.

दम्याच्या पेशंटला किंवा टोरसाडला (हृदयाचे ठोके बिघडण्याचा एक प्रकार) देताना हेच औषध २ ग्रॅम, वेगळ्या वेगाने जातं. ते वेग डोक्यात एकत्र होऊ देऊ नका. तुमचा प्रश्न गरोदर बाईचा होता, म्हणून त्यात शिरत नाही.

सगळं एका दमात सांगायचं तर: निघण्याआधी आधीचा डोस शोधा, गुडघा ठोका, कॅथेटर घाला. गाडी उभी ठेवून ४ ग्रॅम, २० टक्के, दहा मिनिटांत, मग कुल्ल्यांत ५-५. मग निघा, आणि दर पाव तासाला हात पोटावर.

शेवटी हॉस्पिटलला करायचा फोन. आता मी त्या टोकाला असतो म्हणून सांगतो, ‘सर, एक एक्लॅम्प्सिया घेऊन येतोय, सगळं दिलंय’ हे ऐकून मला काहीच कळत नाही. मला असं ऐकायचं असतं: ‘पहिलटकरीण, ३४ आठवडे, दोन फिट, शेवटची सव्वानऊला. मॅग्सल्फ शिरेतून ४ ग्रॅम साडेनऊला संपलं, कुल्ल्यांत १० ग्रॅम नऊ चाळीसला, पीएचसीत काही दिलेलं नाही, सिस्टरशी बोललोय. गुडघा येतोय, श्वास १८, लघवी तासात ४० मिली, शेवटचं बीपी १६०/१००.’ हेच सगळं पांढऱ्या चिकटपट्टीवर मार्करने लिहून बाईच्या मनगटावर लावा. चिठ्ठी नवऱ्याच्या खिशात राहते, आणि नवरा बहुतेक वेळा केसपेपर काढायला रांगेत असतो.